फँटसी मालिका कुठून सुरू करावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की सांगली-मिरजेच्या वाचनालयांत ‘हॅरी पॉटर झाले, आता काय?’ ही विचारणा सुरू होते. उत्तरादाखल कपाटात दिसेल तो जाडजूड खंड हाती पडतो, बहुधा मधलाच. पन्नास पानांत मूल कंटाळते आणि फँटसी ‘डोक्यावरून जाते’ असे ठरून जाते. बहुतेक वेळा घोळ क्रमाचा असतो.

‘नार्निया’चेच पाहा. सात पुस्तके, १९५० ते १९५६. आजच्या आवृत्त्यांवर आकडे छापतात ते कथेतल्या काळाप्रमाणे. त्यामुळे १९५५ साली आलेले ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ एक नंबरला बसते. ते आधी वाचले की १९५०च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मधला बर्फातला तो एकटा दिव्याचा खांब कुठून आला, हे कोडे पडण्याआधीच सुटते. १९५०च्या पुस्तकात ॲस्लन या सिंहाचे नाव प्रथम निघते, तेव्हा तो कोण हे वाचकालाही ठाऊक नाही असे निवेदक गृहीत धरतो. म्हणून आकड्याने दोन नंबरचे ठरलेले हेच पुस्तक आधी द्यावे.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळात एकच कादंबरी, सहा भागांची. युद्धानंतर कागद महाग, म्हणून १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. दुसरा खंड सुटा नेण्यात काहीच अर्थ नाही. आधी ‘द हॉबिट’ (१९३७) वाचावे. पहिल्या खंडाचे प्रास्ताविक खुशाल सोडावे, हॉबिटांच्या, म्हणजे कथेतल्या बुटक्या लोकांच्या, तंबाखूची माहिती नंतरही चालते! गाडी अडते ती एल्रॉन्डच्या सभेच्या लांबलचक प्रकरणात. तिथली नावे लक्षात ठेवत बसू नये. अंगठी कुठे न्यायची आणि का, एवढे कळले की पुरे. दुसऱ्या खंडाच्या पूर्वार्धात अंगठी नेणारा नायक फ्रोडो भेटतच नाही, तेव्हा पाने गहाळ झाल्याची तक्रार करू नये.

‘साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मोठ्यांची मालिका, मुलांच्या कपाटात नको. आपल्याकडे मिळणाऱ्या पेपरबॅक संचात सात पुस्तके दिसतात, पण कादंबऱ्या पाचच. तिसरी आणि पाचवी दोन-दोन भागांत छापली आहे. लेखकाने योजलेल्या सातांपैकी पाचवी २०११ ची, पुढच्या दोन अजून यायच्या आहेत. संच पूर्ण आहे असे समजून नेणाऱ्याला हे आधी सांगावे.

आता या पुस्तकांतल्या कल्पित प्रदेशांच्या नकाशांबद्दल, कारण तिथे नुकसान आपणच करतो. ते बहुधा पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला असतात. बांधणीला गेलेला खंड परत येतो तेव्हा पहिले पान पुठ्ठ्याला चिकटलेले, समोरच्या पानावर तारखेची चिठ्ठी आणि वर वाचनालयाचा गोल शिक्का. जाड पेपरबॅकला बाजूने भोके पाडून शिवले की आतला बोटभर समास जातो. दोन पानांवर पसरलेला नकाशा नेमका मधोमध, नद्या आणि वाटांसकट, शिवणीत गडप. मग कोण कुठून कुठे चालले आहे याचा पत्ता लागत नाही. बांधणीआधी नकाशाची ए-थ्री आकारात झेरॉक्स काढून मागच्या पुठ्ठ्याला खिसा करून ठेवावी, चिठ्ठीही मागेच लावावी. आणि एका मालिकेचे खंड दाखल क्रमांकाप्रमाणे (वाचनालयात आले त्या क्रमाने) विखुरण्याऐवजी शेजारी शेजारी लावावेत.

अनुदान तुटपुंजे असेल तर चौदा खंडांच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे पहिले दोन घेऊन थांबू नये. आठव्यापासून दहाव्यापर्यंत ती रेंगाळते हे खरे, पण दोन खंडांवर वाचकाला लटकवणे त्याहून वाईट. त्यापेक्षा ‘अर्थसी’ची पहिली तीन (१९६८ ते १९७२) घ्यावीत. सडपातळ पुस्तके, प्रत्येकाची गोष्ट त्यातच पुरी होते. जादूगारांची शाळा तिथेही आहे, हॅरीच्या जवळपास तीस वर्षे आधीची. दुसऱ्यात नायक बराच उशिरा येतो, एवढे मात्र नेणाऱ्याच्या कानावर घालावे.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली