दुरुस्तीत गेलेले 158 दिवस हमीत धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेत राहतो. गेली एकोणीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि संध्याकाळी घरी मुलांना शिकवतो. घर यावरच चालतं. गेल्या वर्षी 11 ऑगस्टला, गणपतीच्या सुपाऱ्या सुरू होण्याआधी, भिशी उचलून पुण्यातल्या एका दुकानातून 38,500 रुपयांचा गिटार ॲम्प्लिफायर (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, थोडक्यात ॲम्प) घेतला. कंपनी परदेशी, नामांकित. एक वर्षाची हमी. त्या वर्षातले 158 दिवस तो ॲम्प पुण्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होता, आणि मूळ बिघाड आजही जसाच्या तसा आहे.

बिघाड नीट सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. ॲम्प सुरू केला की पहिली वीस-पंचवीस मिनिटं आवाज अगदी खणखणीत असतो. मग सुराच्या शेपटाला बारीक खरखर येऊ लागते, आणि थोड्या वेळात स्पीकरवर कुणी गोधडी टाकावी तसा आवाज बसतो. वरून थाप मारली की क्षणभर परत येतो, पुन्हा जातो. पहिल्यांदा हे झालं ते एका मंडळाच्या कार्यक्रमात, गणपतीच्या चौथ्या दिवशी. दुसऱ्यांदा माझ्या आठवीतल्या विद्यार्थिनीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, तिच्या एकटीच्या वाजवण्यात. ती स्टेजवरून खाली आली आणि तिने विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे तिला पटवायला मला पुढचे दोन आठवडे लागले.

ॲम्पच्या पाठीमागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन भोकं, म्हणजे जॅक, असतात, आवाजाला वेगळा रंग देणारं बाहेरचं इफेक्ट पेडल मध्ये जोडता यावं म्हणून. तिथे काही जोडलेलं नसतं तेव्हा आवाज रिटर्नच्या जॅकमधल्या एका पातळ पत्तीवरून पुढे सरकतो. ती पत्ती काळवंडली किंवा ढिली पडली की आवाज अडतो, आणि ॲम्प तापला, हादरे बसले की ते जास्तच जाणवतं. पारख सोपी आहे. आवाज बसला असताना वीतभर लांबीची केबल घेऊन सेंड आणि रिटर्न एकमेकांना जोडायचे. आवाज परत आला तर दोष त्या पत्तीत. माझ्या ॲम्पचा आवाज दर वेळी परत येतो. सांगलीतल्या ओळखीच्या मिस्त्रींनी हे दहा मिनिटांत दाखवलं, पण उघडायला नकार दिला. पाठीमागे सील आहे, ते तुटलं की हमी गेली. एवढ्याशा जॅकसाठी अठरा किलोचं धूड मूळ खोक्यात भरून, ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून, सव्वादोनशे किलोमीटर न्यायचं.

ते मी चार वेळा केलं. पहिल्या खेपेला 26 दिवसांनी जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, एकच ओळ आली : 'दोष आढळला नाही.' दुसऱ्या खेपेला 33 दिवस, इनपुट जॅक बदलला. तिसऱ्या खेपेला 41 दिवस, आतल्या सर्किट बोर्डाला पुन्हा सोल्डरिंगचा डाग दिला. चौथी खेप 14 एप्रिलची. पॉवर सप्लायचा बोर्ड परदेशातून यायचा म्हणून 58 दिवस, म्हणजे अख्खी लग्नसराई गेली. त्या काळात एका कार्यक्रमामागे 700 रुपये देऊन भाड्याचा ॲम्प वापरला. रिटर्नच्या जॅकला कुणी हात लावला नाही, जरी पहिल्या खेपेपासून मी सोबत चिठ्ठी लिहून देत होतो आणि ती केबलसुद्धा खोक्यात टाकत होतो. तिसऱ्या खेपेला तिथल्या तंत्रज्ञाशी समोरासमोर बोलायला मिळालं. तरुण मुलगा, बोलायला सरळ. म्हणाला, "सर, टेबलावर पाच मिनिटं लावून बघतो. वाजला तर वाजला. दिवसाला इतके नग येतात, अर्धा तास एकासाठी कुठून काढू?" त्याच्यावर माझा राग नाही. पण जो बिघाड पंचविसाव्या मिनिटाला येतो तो पाचव्या मिनिटाला दिसणारच नाही, आणि न दिसल्याचा कागद मात्र गिऱ्हाइकाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो.

आमच्या गावात सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा इथे सगळ्यांना अभिमान आहे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, बिघडली की गाणारा माणूस वाद्य घेऊन कारागिरासमोर बसतो. कारागीर घोडीवर हलकी कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस. गाणाऱ्याने मान हलवेपर्यंत काम संपत नाही. मी लहानपणापासून हे पाहिलंय, म्हणून मला असं वाटतं की वाद्याची दुरुस्ती वाजवणाऱ्याला दूर ठेवून होत नाही. ॲम्प हे गिटारचं अर्धं अंग आहे. तो दुरुस्त करणाऱ्याने निदान त्यात गिटार लावून अर्धा तास ऐकावं, ही मागणी अवाजवी नाही.

जूनअखेर बिघाड पुन्हा आला. 6 जुलैला तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. कंपनीचा माणूस ॲम्प न्यायला येणार म्हणून सांगितलं गेलं. तो आला नाही, फोन लागेना. शेवटी मीच पाठवला, तो 14 ऑगस्टला पोचला. उत्तर आलं, हमी 10 ऑगस्टला संपली, आता तपासणीचे 1,500 रुपये अधिक जीएसटी, एकूण 1,770 भरा. दुकानदाराने वर सांगितलं की तुम्ही कार्यक्रमांत वाजवता, म्हणजे हा व्यावसायिक वापर, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही.

हे चूक आहे. माझ्यासारख्या कितीतरी वादकांना, साउंडवाल्यांना, शिलाई मशीनवर पोट भरणाऱ्या बायकांना हेच ऐकवून परत पाठवलं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) मध्ये व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे खरी, पण तिथेच खाली स्पष्टीकरण आहे : केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू त्यात धरायची नाही. मी स्वतः वाजवतो, त्यावर घर चालवतो. मी ग्राहकच आहे. तक्रारीसाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडेही पाठवू शकतो. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, ती मी नोंदवली आहे.

पण आयोगात जायची वेळच का यावी? एकाच बिघाडासाठी किती वेळा दुरुस्ती सोसायची, हे आपल्या कायद्यात आकड्यात कुठे लिहिलेलं नाही. आयोग वस्तू बदलून किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो, मात्र तोवरच्या खेपा मोजायला कुणी नाही. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात एका दुरुस्तीनंतरही वस्तू सदोष राहिली तर ग्राहक ती नाकारू शकतो. युरोपीय संघाने 2024 मध्ये काढलेल्या निर्देशात, बदलून घेण्याऐवजी दुरुस्ती निवडणाऱ्याची हमी एक वर्षाने वाढवायची तरतूद आहे. ज्या कंपन्या तिकडे हे नियम पाळतात, त्याच इथे चार खेपा घालायला लावतात. आपल्या सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. वाद्यांच्या यंत्रांना त्यात स्वतंत्र जागा द्यावी, सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग सांगली-मिरजेच्या मिस्त्रींनाही मिळावेत, म्हणजे एका जॅकसाठी पुणे गाठावं लागणार नाही.

ग्राहक व्यवहार खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. वस्तू सर्व्हिस सेंटरमध्ये जितके दिवस पडून राहील तितके दिवस हमी पुढे सरकली पाहिजे. माझ्या बाबतीत 158 दिवस धरले तर हमी अजून जानेवारीपर्यंत जिवंत आहे. तोच बिघाड दुसऱ्या दुरुस्तीनंतर पुन्हा आला तर नवी वस्तू किंवा पैसे. आणि 'दोष आढळला नाही' असं लिहिताना ती वस्तू किती मिनिटं चालवून पाहिली, हेही त्याच कागदावर लिहिणं बंधनकारक करावं. एवढी एक ओळ पहिल्या जॉब शीटवर असती तर माझ्या पुढच्या तीन खेपा वाचल्या असत्या.

गणपती तोंडावर आलेत, ॲम्प पुण्यात आहे आणि 1,770 रुपये मी भरलेले नाहीत. पण ॲम्प पाठवण्याआधी केलेलं 40 मिनिटांचं एक चित्रीकरण माझ्या मोबाइलवर तयार आहे : ॲम्पवर भिंतीचं घड्याळ ठेवलंय, 26 व्या मिनिटाला आवाज बसतो, केबल जोडल्यावर परत येतो. चार जॉब शीटच्या प्रतींसोबत ते सांगलीच्या जिल्हा आयोगात या आठवड्यात दाखल करतो आहे. ज्यांचा ॲम्प, कीबोर्ड, मिक्सर असाच खेपा घालतोय त्यांनी वस्तू देतानाची आणि घेतानाची तारीख जॉब शीटवर तिथल्या माणसाकडूनच सहीनिशी लिहून घ्यावी. माझ्या दुसऱ्या शीटवर परत मिळाल्याची तारीख नव्हती. ती मला ट्रॅव्हल्सच्या पावतीवरून शोधावी लागली.

आपला,
एक गिटारवादक, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे)