नाव न विचारलेल्या नावाड्यांचे आभार

मानू नदीवरच्या त्या दोन नावाड्यांची नावं विचारायची राहूनच गेली. म्हणून हे जाहीर आभार.

पेरूचं मानू राष्ट्रीय उद्यान १९७३ सालचं. अँडीजच्या थंड उतारांपासून ॲमेझॉनच्या सखल जंगलापर्यंत जवळजवळ एका नदीचं सगळं खोरं त्यात येतं आणि हजाराच्या आसपास जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत. हे मी वाचूनच गेले होते. पक्षी बघायचे कसे, ते मात्र तुम्ही शिकवलंत.

पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या वाळूवर पाणचिरा पक्ष्याची (चोचीने पाणी चिरत मासे टिपणारा) तिकडची भावकी अंडी घालते. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. मी फोटोसाठी उतरायला निघाले, तेव्हा तुम्ही दंडाला धरून थांबवलंत. मला तुमची भाषा येत नव्हती. तुम्ही आधी सूर्याकडे बोट दाखवलंत, मग वाळूकडे. पालक उडाले की त्या तापल्या वाळूत अंडी भाजून निघतात, एवढं त्यातून कळलं. लाजच वाटली.

पुढे तळ्याकाठी तुम्ही इंजिन बंद करून वल्ही घेतलीत, म्हणून होआत्झिन हा पक्षी जवळून दिसला. (वास शेणाचा, पण रुबाब काय!) त्याच्या पिल्लांच्या पंखांना नखं असतात, धोका दिसला की ती पाण्यात उड्या टाकतात आणि नंतर फांद्या धरून वर चढतात. आम्ही मात्र तासभर बसलो, एकानेही उडी मारली नाही.

त्या तासाबद्दल विशेष आभार.