ओल्या फडक्यात जिवाणू घेऊन आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

तुमच्या आधी भेटलेली माणसं आठवली की अजून जीव जळतो. मागच्या रब्बीत तालुक्याच्या एका दुकानातून रायझोबियमची, म्हणजे मुळाशी राहून पिकाला हवेतलं नत्र देणाऱ्या जिवाणूंची, पाकिटं घेतली. दारातल्या उन्हात ठेवलेली, वर सोयाबीनचं नाव. हरभऱ्याला चालतील का, असं विचारलं तर उत्तर आलं, "जिवाणू सगळे सारखेच." हरभरा पिवळा पडला. विचारायला गेलो तर म्हणे, जैविकचं असंच असतं, युरिया टाका. माल विकायचा आणि त्यात जीव आहे याची फिकीर करायची नाही! कार्यालयातल्या साहेबांनी तर मान वर करूनही पाहिलं नाही.

हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा, एकाचं दुसऱ्याच्या मुळाशी जमत नाही, हे तुम्ही पहिल्याच फोनवर सांगितलंत. सांगून थांबला असतात तरी उपकारच होते. पण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून हरभऱ्याची ताजी पाकिटं घेऊन तुम्ही स्वतः एसटीने आलात. स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. ऑक्टोबरचं ऊन, खच्चून भरलेली गाडी आणि डबा मांडीवर. मी ओझं घ्यायला पुढे झाले तर पिशवी दिलीत, डबा दिला नाहीत. "आधी सावलीत पोचू द्या त्यांना, जिवंत आहेत ते."

मॅडम, आमच्या रानात येणारी वस्तू इतकी जपून आणलेली मी पाहिली नव्हती. खत येतं ते आपटत, बियाणं येतं ते उधारीच्या बोलण्यासकट. त्या डब्याने मला त्या दिवशी रडू आलं होतं, हे तुम्हाला आज सांगते.

बीजप्रक्रियेचं सगळं इथे मांडत नाही. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमची ती काळी भुकटी; पण गुळाचं पाणी पुरतं गार होईपर्यंत तुम्ही पाकीट फोडू दिलं नाहीत. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, हे पुन्हापुन्हा बजावलंत. बियाणं सावलीत गोणपाटावर सुकवून त्याच दिवशी पेरायला लावलंत.

पुढे पीक बघायला आलात तेव्हा झाड उपटलं नाहीत. खुरप्याने मातीसकट काढलंत, बादलीत हलक्या हाताने धुतलंत. मुळांना गाठी धरल्या होत्या. त्यातली एक नखाने चिरून सासूबाईंच्या तळहातावर ठेवलीत. आतून गुलाबी! "आजी, आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्याच जातीचं आहे हे. असा रंग दिसला की समजायचं, जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतायत. पांढरी किंवा हिरवी निघाली तर काम बंद." सासूबाईंचा जन्म रानात गेला, पण झाडाचं मूळ असं उघडून त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. मग माझ्या लेकीला, 1888 साली बायरिंक या डच शास्त्रज्ञाने गाठीतले जिवाणू वेगळे काढून कसे वाढवले, ते तितक्याच आवडीने सांगत बसलात. त्यात तुमची गाडी चुकली.

साहेब लोक बांधावर उभं राहून बोलतात. तुम्ही सरीत बसलात. आमच्याकडचा शेतकरी फुकट काही मागत नाही हो, त्याला खरी वस्तू आणि खरा शब्द पाहिजे असतो. तेवढं देणारं माणूस भेटलं की पुढच्या हंगामाला उभं राहायचं बळ येतं.

वरून युरिया मारला की झाड गाठी कमी धरतं, असं तुम्ही म्हणाला होतात. यंदा युरियाची गोणी आणलीच नाही. किती पोती होतील ते खळ्यावर कळेल, पण हरभरा हिरवागार आहे आणि घाटे भरत आलेत. संक्रांतीनंतर हुळा भाजणार आहोत. शेजारच्या वस्तीवरच्या बायकांनाही गाठ चिरून बघायला शिकायचंय, तेव्हा या. सासूबाईंचा निरोप आहे, शेवटच्या गाडीची घाई करायची नाही, मुक्कामालाच यायचं.

आपली,
जिंतूर तालुक्यातली एक शेतकरी