बेलाशी लग्न आणि सोन्याचे फूल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत काठमांडू खोऱ्यातले एक छायाचित्र होते. लाल-जरीच्या वस्त्रांतल्या चार मुली, केसांत सोन्याची मोठाली फुले, गळ्यात पोवळ्यांचे सर. खाली ओळ : ‘तिबेटी दागिन्यांत नटलेल्या बालवधू’. दागिने तिबेटी नाहीत आणि मुली बालवधू नाहीत. वाचून जिवाला लागले, म्हणून लिहिते आहे.

मी पटवेकरी. घरात तीन पिढ्या दागिने गाठवण्याचे काम. सहा वर्षांपूर्वी पशुपतिनाथाला गेले, तेव्हा जवळच्या पाटण शहरात एका नेवार कुटुंबाकडे ‘इही’ पाहायला मिळाली. नेवार म्हणजे काठमांडू खोऱ्यातले मूळचे लोक. वयात येण्याआधी मुलीचे लग्न बेलफळाच्या साक्षीने सुवर्णकुमार या देवाशी लावतात, बाप कन्यादान करतो. पुढे माणसाशी लग्न होते ते वेगळे. पण पहिला नवरा अमर, त्यामुळे ती कधी विधवा होत नाही, अशी श्रद्धा. याला बालविवाह म्हणणे म्हणजे मुंजीत भिक्षावळ मागणाऱ्या बटूला भिकारी म्हणणे.

माझा जीव अडकला तो सुतात. मुलीला डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या सुताने मापतात, 108 वेळा, आणि त्या सुताची माळ तिच्या गळ्यात येते. सोन्याच्या आधी सूत! आयुष्यभर रेशमाचे पीळ भरणाऱ्या बाईला याहून काय हवे? मी डोळे पुसले.

नंतर घरातल्या आजींनी तायो माझ्या तळहातावर ठेवला. हे भलेमोठे पदक. तिथे ज्या लहान मुलीला जिवंत देवी मानून पूजतात, त्या कुमारी देवीच्या गळ्यातही असेच असते. दिसायला चांगले जड, हातात घेतले तर हलके, कारण आतून पोकळ. पत्रा मागून ठोकून नक्षी उठवलेली, कोंदणात पिरोजे. त्यातला एक हिरवट झाला होता. पिरोजाला तेल, घाम पिण्याची खोड असते, किती जणींच्या अंगावर तो बसला असेल कोण जाणे. केसांतल्या फुलाला ‘लुँस्वां’ म्हणतात : लुँ म्हणजे सोने, स्वां म्हणजे फूल. आपल्या अंबाड्यावरच्या फुलाची थोरली बहीणच. शिवाय ‘तिकमा’, लाल कापडाच्या पट्टीवर सोन्याचे पत्रे शिवलेला. पोवळ्यांची ‘भिम्पुमा’ मी गाठ न् गाठ पाहून घेतली.

पिरोजे-पोवळी तिबेटी बायकाही घालतात, त्यातून गोंधळ होत असावा. ल्हासात नेवार व्यापाऱ्यांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. पोवळी तर भूमध्य समुद्रातून येत. पण हात कोणाचा? 1260 साली मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या हुकमावरून तिबेटात सोन्याचा स्तूप बांधायचा ठरला, तेव्हा कारागीर नेपाळहून मागवले. ऐंशी जण गेले, मुखिया होता कोवळ्या वयाचा नेवार अरनिको. बीजिंगचा पांढरा स्तूपही त्याचाच. तिबेटातल्या कितीतरी मूर्ती आणि दागिने पाटणच्याच हातांनी घडले आहेत. त्यांचे काम दुसऱ्याच्या नावावर लिहू नये.

कोल्हापुरी साजाखाली कोणी ‘गुजराती हार’ छापले, तर आपण गप्प बसू का? येत्या रविवारी खुलासा छापावा, आणि त्यात तायो, लुँस्वां, तिकमा ही नावे जशीच्या तशी द्यावीत, ही विनंती.

आपली,
एक पटवेकरी, सातारा