काळाचौकीच्या गाळ्यातून, काकांना

काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही गावी गेल्याला चार महिने झाले. माझ्या गाळ्यातलं चामडं ठेवायची घडी बसवून दिलीत, त्याबद्दल निघताना मी पैशांचं पाकीट पुढे केलं, तर तुम्ही हात मागे घेतलात. "शेजाऱ्याकडून कोण मजुरी घेता काय गो?" एवढंच बोललात आणि पिशवी उचललीत. म्हणून हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. दहा बाय बाराच्या खोलीत चामड्याचं काम करणारे या शहरात पुष्कळ आहेत. पाऊस त्यांच्याही माथी आहे.

तो ऑगस्टचा दिवस मला अजून दिसतो. धारावीतून आणलेल्या म्हशीच्या चामड्याच्या दोन साईड (साईड म्हणजे पाठीच्या कण्यावरून उभं चिरलेलं अर्धं चामडं), मिळून चाळीस चौरस फूट, मी जपून ठेवायच्या म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, घडी घालून लोखंडी ट्रंकेत ठेवल्या होत्या. बेल्टची ऑर्डर आली म्हणून ट्रंक उघडली तर आधी वासच आला. आत पांढरी-हिरवी बुरशी, घडीवर पडलेल्या सुरकुत्या आणि ट्रंकेच्या खिळ्यांशी जिथे जिथे चामडं टेकलं होतं तिथे निळसर काळे डाग. साडेसात हजारांचा माल होता. मी दारातच बसून रडले, आणि समोरच्या गॅलरीतून तुम्ही खाली आलात.

तुम्ही धीर वगैरे दिला नाहीत. डागावर बोट फिरवून विचारलंत, "हे कशात कमावलेलं?" मी म्हटलं, झाडाच्या सालीत, क्रोमच्या रसायनात नाही. मग तुम्ही छापखान्यातली गोष्ट सांगितलीत. पूर्वी शाई करायची तर हिरडा आणि हिराकस, म्हणजे सालीत असतो तोच तुरटपणा आणि लोखंड. दोन्ही पाण्यात भेटले की काळं. माझ्या ट्रंकेत पावसाच्या ओलीने तेच केलं होतं. तीन वर्षं हे काम करूनही मला कोणी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

चामड्याशी तुमचा काही संबंध नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तुम्ही गिरणीच्या फोल्डिंग खात्यात होतात, नंतर आयुष्यभर छापखान्याचं गोदाम सांभाळलंत. कापड आणि कागद, दोन्ही ओलीला भिणारे. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न रॅक कुठे घ्यायचं हा नव्हताच. तुम्ही तीन दिवस नुसते स्टुलावर बसून मी कितीदा काय शोधते ते पाहिलंत. मला तेव्हा अवघडल्यासारखं झालं होतं. आता वाटतं, खरं काम त्या तीन दिवसांतच झालं. लोक आधी डबे विकत घेतात आणि मग त्यात काय घालायचं ते ठरवतात, मीही तेच करत होते.

मग तुम्ही हिंदमाताच्या कापडवाल्यांकडून ताग्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या घेऊन आलात, खांद्यावर, पायी. पातळ चामडं नळीवर सैल गुंडाळायचं, वरची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून, म्हणजे तिच्यावर सुरकुती दाबली जात नाही. वर जुन्या सुती साडीचं कापड. प्लॅस्टिक नाही, कारण ओल आतच कोंडते. वर्तमानपत्रही नाही, शाई उतरते. बेल्टचं जाड चामडं फळीवर सपाट. मांडणी लाकडाची, भिंतीपासून चार बोटं सुटी, कारण पावसात आमची बाहेरची भिंत घामेजते. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून दीड फूट वर. त्यावर मी हुज्जत घातली, जागा वाया जाते म्हणून. तुम्ही फक्त पावसात पाणी तुंबण्यासाठी ठाऊक असलेल्या हिंदमाताच्या दिशेने हात केलात. पुढच्याच जुलैत गाळ्यात घोट्याएवढं पाणी शिरलं आणि चामड्याला थेंब लागला नाही.

रंगवलेलं चामडं नैसर्गिक रंगाच्या चामड्याला टेकू द्यायचं नाही, रंग उतरतो. सालीत कमावलेलं उजेडात गडद होतं, म्हणून ते खिडकीपासून लांब. हे मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. फळ्या वाटून दिल्यात तेव्हा ते हाताच्या सवयीत आलं.

पण ज्यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे ती गोष्ट वेगळी आहे. उरलेल्या तुकड्यांच्या, म्हणजे कतरणीच्या गोणीसमोर बसून तुम्ही एक तुकडा उचललात आणि विचारलंत, "ह्याचो ताणो खंय आणि बाणो खंय?" मी हसले, चामड्याला कुठला ताणा-बाणा! आणि तेवढ्यातच लक्षात आलं की असतो. पाठीच्या कण्याजवळचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं ताणलं जातं. पट्टा कण्याला समांतर कापला तर टिकतो, आडवा कापला तर महिन्याभरात लांबतो. साईड अख्खी असताना हे डोळ्यांना दिसतं. तुकडा कापून बाजूला पडला की त्याची दिशा हरवते. माझ्या गोणीत चांगले तुकडे होते, पण कोणता कुठला ते सांगता येत नसल्यामुळे मी प्रत्येक पट्ट्यासाठी नवी साईड कापत होते.

त्या दिवसापासून कापायच्या आधी उलट्या बाजूला पेन्सिलीने बाण. कण्याची दिशा, जाडी मिलिमीटरमध्ये, आणलेली तारीख. साईडला दोऱ्याची चिठ्ठी, स्टेपलची पिन नाही, ती पुन्हा लोखंडच. तारीख का, तर कानपूरहून किंवा चेन्नईहून आलेला एक लॉट संपला की तोच रंग पुन्हा मिळेलच असं नाही. बॅगेचा पट्टा आणि अंग एकाच लॉटमधलं हवं. कतरणही आता आकाराने लावत नाही. ज्या तुकड्यातून कार्डाचं पाकीट निघेल तो त्या फर्म्याखालच्या टोपलीत, किल्लीचा पट्टा निघेल तो त्याच्या टोपलीत. तळहाताहून लहान काही ठेवू नकोस म्हणालात, तिथे मी तुमचं पूर्ण ऐकलेलं नाही. बकरीच्या चामड्याच्या बारीक पट्ट्या पायपिंगला, म्हणजे कडेच्या गोटाला लागतात, त्या ठेवते. बाकीचं नाक्यावरच्या मोचीदादांना देते, त्यांना ठिगळाला चालतं.

खंडेनवमीला चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी यांची पूजा झाली की सगळ्या नळ्या उघडून सावलीत वारा द्यायचा, हा तुमचा नेम या वर्षीही पाळला. उन्हात नाही घातलं. कामाला येणाऱ्या दोघी मुली आता मला न विचारता योग्य फळीला हात घालतात. थोरली बाण काढायला विसरली तर धाकटी तिला ओरडते, अगदी तुमच्या सुरात.

त्या ट्रंकेतल्या साईडचा एक कोपरा वाचला होता, कण्याजवळचा. त्याचं तुमच्या चष्म्यासाठी घर शिवलंय. पुढच्या आठवड्यात चाळीतले गावाकडे येतायत, त्यांच्याबरोबर पाठवतेय. परत करू नका. आत उलट्या बाजूला बाण आहे, तो तसाच ठेवलाय.

तुमची,
समोरच्या गाळ्यातली