लाइव्ह लोकेशन आठ तासांचं, निवांतपणा पाच मिनिटांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्न ठरवताना पत्रिका, पगार आणि फ्लॅट यांच्या जोडीला हल्ली फोनचा पासवर्डही मागितला जातो. ‘लपवण्यासारखं काही नाही ना, मग दे की!’ असं म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. पासवर्ड, लाइव्ह लोकेशन आणि ‘पोचल्यावर फोटो पाठव’ या सगळ्याला काळजी म्हणायची पद्धत पडली आहे. वैवाहिक समुपदेशन करणारे म्हणून आम्हाला यावर थोडं लिहावंसं वाटतं, कारण यातली बरीचशी ‘काळजी’ करणाऱ्यालाच पोखरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशनला तीन मुदती असतात: १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास. आठ तास म्हणजे अख्खी शिफ्ट. संध्याकाळी सातला ठिपका भूमकर चौकात वीस मिनिटं हललेला नाही, एवढंच फोन सांगतो. गाडी गर्दीत अडकली आहे की कोणाबरोबर कुठे थांबली आहे, हे मन ठरवतं. टिकांचंही तसंच. एक राखाडी टिक म्हणजे मेसेज अजून फोनपर्यंत गेलेला नाही, दोन राखाडी म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे वाचला. उत्तर का आलं नाही हे यांतली एकही टिक सांगत नाही. मग फोन होतो, ‘अगं, ट्रॅफिक’ असं उत्तर येतं आणि जिवात जीव येतो. पण ‘धोका नव्हताच’ हे मन शिकत नाही, ‘तपासलं म्हणून बरं वाटलं’ हे शिकतं. त्यामुळे पुढच्या वेळी लवकर तपासावंसं वाटतं आणि मिळालेला दिलासा कमी टिकतो.

दुसरी बाजू आणखी वाईट. रोज उलटतपासणी झाली की साधा माणूसही साध्या गोष्टी लपवायला लागतो. ऑफिसातल्या मित्राबरोबर एफसी रोडला कॉफी घेतली, पण घरी सांगितलं तर तासभर प्रश्न झेलावे लागणार, म्हणून ‘मीटिंग लांबली’ असं सांगितलं जातं. महिन्याभराने बिल सापडतं आणि संशय घेणाऱ्याला वाटतं, बघा, माझं खरंच होतं! ही लपवाछपवी त्याच्याच चौकशीतून आलेली असते, पण ते तेव्हा कोण ऐकतं?

आत्मविश्वास म्हणजे छाती पुढे काढून चालणं नव्हे. उत्तर न आलेला अर्धा तास दुसऱ्याला त्रास न देता काढता येणं, एवढीच आमची त्याची व्याख्या आहे. याचा सराव करता येतो. एका वहीत चार रकाने आखा: वेळ, प्रत्यक्ष काय दिसलं, मनाने त्याला काय जोडलं, आणि त्या अंदाजाची खात्री शंभरापैकी किती. पाचवा रकाना नंतर भरायचा: खरं काय निघालं. पहिल्या आठवड्यात तपासण्याआधी दहा मिनिटं थांबा, दुसऱ्या आठवड्यात वीस, मग तीस. हे बहुतेक वेळा फसतं ते दुसऱ्या रकान्यात. ‘तिने मुद्दाम उत्तर दिलं नाही’ हे दिसलेलं नसतं. दिसलेलं असतं ‘७:१०ला दोन राखाडी टिका’. आणि ही वही जोडीदाराविरुद्धचा पंचनामा नव्हे. तिच्यात फक्त आपले अंदाज लिहायचे. भांडणात ती बाहेर काढली की उपाय तिथेच संपला.

रात्रीच्या कॅबचं काय, असं विचारलं जातं. रास्त आहे. त्यासाठी १ तासाची मुदत पुरते, ती आपोआप संपते. मात्र प्रवास करणाऱ्याने ती आपणहून सुरू करावी, आणि हा नियम नवऱ्यालाही लागू असावा.

मर्यादा आणि हुकूम यांतला फरक पुणेकरांना वेगळा शिकवायला नको, आपल्या पाट्यांवर तो लिहिलेलाच असतो. ‘दुकान दुपारी १ ते ४ बंद राहील’ ही मर्यादा झाली. मी काय करणार ते सांगितलं, तुम्ही कुठे जायचं ते तुमचं तुम्ही बघा. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ ही धमकी. घरातही हीच कसोटी लावावी. ‘दारू पिऊन गाडी चालवणार असशील तर मी बसणार नाही, रिक्षाने येईन’ ही मर्यादा. ‘त्या ग्रुपबरोबर जायचं नाही, नाहीतर बोलू नकोस’ हा हुकूम. या दोन्हींच्या मधली, आणि सर्वांत कमी वापरली जाणारी, गोष्ट म्हणजे विनंती: ‘बाराच्या पुढे होणार असेल तर एक मेसेज टाकशील? मला झोप लागत नाही.’ ती खरंच विनंती होती का, हे ‘नाही’ ऐकल्यावर कळतं. नकारानंतर दोन दिवस अबोला धरला, तर तो गोड आवाजातला हुकूमच होता.

इथे काही भले लोक उलट टोक गाठतात. नियंत्रण नको म्हणून ‘तू म्हणशील तसं’ एवढंच बोलतात. सिनेमा कोणता, दिवाळीत कोणाच्या घरी, मूल कधी, सगळ्यावर तेच. तीन वर्षांनी एकदम हिशेब निघतो. आपली पसंती मोकळेपणाने सांगणं आणि तिचा आग्रह न धरणं, या दोन्ही गोष्टी एका वेळी जमायला हव्यात.

भांडण तापलं की थांबायचं, पण ‘मला आत्ता बोलायचं नाही’ म्हणून दार आपटून नव्हे. ‘साडेनऊला परत बोलू’ अशी वेळ देऊन. धडधड उतरायला किमान वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात सोसायटीला फेऱ्या माराव्यात, आईला फोन लावून बाजू मांडू नये. आणि साडेनऊला विषय आपणच काढायचा.

पैशाबाबत थोडक्यात. उदाहरणार्थ, एकाचा पगार ६० हजार, दुसऱ्याचा ९० हजार आणि घरखर्च ५० हजार असेल तर पगाराच्या प्रमाणात २० आणि ३० हजार संयुक्त खात्यात टाका. उरलेल्या पैशांवर प्रश्न नकोत. कर्ज, हप्ते आणि कोणाला जामीन राहणं मात्र दोघांना माहीत असलंच पाहिजे. त्याला पाळत म्हणत नाहीत.

हे सगळं दोघंही न भिता बोलू शकतात अशा घरांसाठी आहे. जिथे उशीर झाला तर पोटात गोळा येतो, पगाराचं एटीएम कार्ड काढून घेतलं जातं, माहेरचे फोन स्पीकरवर घ्यायला लावतात, तिथे वही आणि विनंत्या यांचा उपयोग नाही. जोडप्याने एकत्र समुपदेशनाला बसणंही तिथे धोक्याचं ठरू शकतं, कारण खोलीत बोललेल्याची वसुली घरी होते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचं संरक्षण आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. फोनवर कोणी नजर ठेवत असल्याची शंका आली तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी संगणक किंवा फोन जोडलेला आहे का ते पाहा. पण तो लगेच काढून टाकू नका. तो काढल्याचं समोरच्याला कळू शकतं. आधी दुसऱ्याच्या फोनवरून १८१ला बोला, सुरक्षित जागी पोचा, मग लॉगआउट करा.

कळावे,
दोन विवाह समुपदेशक, पुणे