कोकणचा अंदाज नाशिककरांसाठीही

संपादक महोदय,

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी (फळांसाठीची छाटणी) तोंडावर आली की आपले बागायतदार फक्त नाशिकचा अंदाज बघतात. खरी खबर मात्र कोकण किनाऱ्यावर असते. मान्सूनच्या परतीची सर्वसाधारण तारीख पश्चिम राजस्थानात 17 सप्टेंबर, मुंबईत 8 ऑक्टोबर. या काळात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की बाष्प घाट चढून निफाड-दिंडोरीवर येतं. 2019 मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळ किनाऱ्यापासून दूर गेलं, तरी बागा इथल्या सडल्या.

हवामान खात्याच्या भाषेत ‘मुसळधार’ पाऊस म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर. द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगाला एवढा पाऊस लागतच नाही. कोवळी पानं रात्रभर ओली राहिली तरी पुरे. म्हणून किनाऱ्यावर इशारा असेल तर छाटणी चार दिवस पुढे ढकललेली बरी. छाटल्यावर एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण लगेच मारावं : मोरचूद (कॉपर सल्फेट) 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. त्यात लोखंडी विळा बुडवून बघावा. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. मिश्रण त्याच दिवशी संपवावं, शिळं चालत नाही.

आपल्या नाशिक आवृत्तीत सप्टेंबर-ऑक्टोबरपुरता तरी कोकणचा अंदाज छापावा, ही विनंती.

— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी, जि. नाशिक